घर ऊबदार ठेवणारें शहाणें यंत्र

पुण्यामुंबईकडील गृहस्थाला घर ऊबदार कसें ठेवावें, या प्रश्नाचा विचार सहसा करावा लागत नाहीं. पौषांत चार दिवस थंडी पडली तर एक जादा घोंगडी अंगावर ओढली आणि सकाळीं कढत पाण्याचे दोन तांबे अंगावर घेतले, कीं त्याचें भागतें. परंतु ज्यांचीं मुलें इंग्लंड, जर्मनी, हॉलंड किंवा अमेरिका या देशांत संसार थाटून राहिलीं आहेत, अशीं कुटुंबें आज आपल्या शहरांतून थोडींथोडकीं नाहींत. तिकडे हिवाळ्यांत महिना-दोन महिने राहून आलेल्या आईवडिलांनीं भिंतीवरची एक लहानशी चकचकीत तबकडी पाहिलेली असते. तिच्यावर आंकडे उमटतात, ती खिशांतल्या फोनशीं बोलते, आणि घरांत कोणी नाहीं हें ओळखून ती आपण होऊन ऊब कमी करते, असें मुलगा कौतुकानें सांगतो. आईला मात्र त्याच वेळीं कुडकुडायला होत असतें! या यंत्राला तिकडे ‘स्मार्ट थर्मोस्टॅट’ म्हणतात. तें घ्यावें कीं न घ्यावें, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे उष्णतामान ठराविक अंशावर राखणारा पहारेकरी. हा पहारेकरी आपल्या घरांतही आहे, फक्त त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. विजेच्या इस्त्रीवर सुती, रेशमी, लोकरी अशा खुणांची जी चकती असते, ती त्याचीच. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जोडल्या, तर तापल्यावर एक अधिक व दुसरी कमी प्रसरण पावते. त्यामुळें जोडपट्टी वांकते, आणि वांकतांना विजेचा मार्ग तोडते. निवाली कीं पुन्हां सरळ होऊन मार्ग जोडते. स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनीं इ. स. १८३० मध्यें या युक्तीचें पेटंट घेतलें, आणि थर्मोस्टॅट हें नांवही त्यांनींच रूढ केलें.

हा पहारेकरी घर तापविण्याच्या कामाला लागला तो मात्र एका शिक्षकामुळें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत व्हाइटवॉटर येथील अध्यापनशाळेंत वॉरेन जॉन्सन हे शिकवीत असत. तळघरांतील भट्टीची हवा वर्गांत येई. ती कमी-अधिक झाली आहे कीं काय, हें पाहावयास शाळेचा शिपाई वेळोवेळीं वर्गांत शिरे आणि पाठाचा रसभंग होई. ज्यानें कधीं वर्ग घेतला असेल त्यालाच हें दुःख कळेल. जॉन्सन यांनीं वर्गांतील उष्णतामान बदललें कीं तळघरांत घंटा वाजेल, अशी विजेची योजना केली व १८८३ मध्यें तिचें पेटंट घेतलें. शिपायानें घंटा ऐकावी व भट्टीची झडप हलवावी, एवढाच तिचा व्याप होता. यंत्र सूचना देई. काम माणूस करी. पुढें झडप हलविण्याचें कामही यंत्रानें घेतलें, त्याला घड्याळ जोडलें गेलें, आणि रात्रीं ऊब कमी व पहाटे अधिक करण्याची सोय झाली. २०११ मध्यें अमेरिकेंत ‘नेस्ट’ नांवाचें यंत्र विक्रीस आलें. घरांतील माणसांच्या संवयी पाहून आपलें वेळापत्रक आपणच बसविणारें म्हणून त्याचा फार गाजावाजा झाला. १८८३ ची घंटा व २०११ चें हें यंत्र यांच्यांतील फरक एकच : माणसाला विचारावयाचें कीं नाहीं!

आतां खर्चाचा प्रश्न. ऊब कमी केल्यानें पैसा वांचतो, याविषयीं शंका नाहीं. घराबाहेर निसटणारी उष्णता ही आंतील व बाहेरील उष्णतामानांच्या फरकावर अवलंबून असते. बाहेर ५ अंश व आंत २१ अंश असेल तर फरक १६ अंशांचा. आंत १७ अंश ठेवले तर तो १२ अंशांचा होतो, म्हणजे तेवढ्या वेळांत निसटणारी उष्णता चतुर्थांशानें कमी होते. घर थंड होऊं दिलें तर पुन्हां तापवितांना वांचलेलें सारें खर्चीं पडतें, हा समज सामान्य घरापुरता तरी चुकीचा आहे. रोज आठ तास उष्णतामान फॅरनहाइट मापाचे ७ ते १० अंश उतरवून ठेवल्यास वर्षाकाठीं १० टक्क्यांपर्यंत बचत होऊं शकते, असें अमेरिकन सरकारचें ऊर्जाखातें सांगतें.

परंतु येथेंच मेख आहे. ही बचत ऊब कमी केल्याची आहे, यंत्र विकत घेतल्याची नव्हे. झोंपतांना जो गृहस्थ स्वतःच्या हातानें चकती फिरवितो, त्याला ती फुकट मिळते. घड्याळाच्या थर्मोस्टॅटांचा अनुभव या बाबतींत बोलका आहे. त्यांना एनर्जी स्टार या अमेरिकन सरकारी योजनेचें प्रशस्तिचिन्ह मिळत असे. परंतु लोक तीं नीट लावीत नाहींत व अपेक्षित बचत प्रत्यक्षांत सिद्ध होत नाहीं असें दिसून आल्यावर २००९ च्या अखेरीस तें चिन्ह काढून घेण्यांत आलें. नव्या शहाण्या यंत्रांसाठीं २०१७ पासून वेगळी कसोटी लावण्यांत आली, आणि तापविण्या-थंडविण्याच्या खर्चांत सरासरी ८ टक्के बचतीचा आंकडा ती योजना देते. उलट, कॅलिफोर्नियांतील घरांवर झालेल्या प्रयोगांचा एक निबंध अर्थशास्त्रज्ञांनीं २०२२ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत अशीं यंत्रें बसविलेल्या घरांत गॅस व वीज यांच्या वापरांत नांव घेण्याजोगी घट आढळली नाहीं. कारण काय? यंत्र काटकसरीचें वेळापत्रक आखी, आणि माणसें तें बाजूला सारून ऊब वाढवीत! विद्यार्थ्याला उत्तम वेळापत्रक आखून देणें आणि त्यानें अभ्यास करणें, या दोन गोष्टी एक नव्हेत.

दोन्ही बाजू ऐकल्यावर थोडें अंकगणित करून पाहावें. ब्रिटनमधील मध्यम घर वर्षाला सुमारें ११,५०० युनिट गॅस वापरतें, असें तेथील दरनियामक मंडळ, ऑफजेम, यानें २०२३ मध्यें धरलें होतें. समजा, युनिटला ६ पेन्स पडले, तर खर्च ६९० पौंड. त्यांतला तीनचतुर्थांश भाग घर तापविण्याचा मानला तर ५१७ पौंड होतात. त्यावर ८ टक्के म्हणजे सुमारें ४१ पौंड. यंत्र व तें बसविण्याची मजुरी मिळून २०० पौंड लागले, तर रक्कम फिटावयास पांच वर्षें हवींत. आणि हें गणित ज्याच्या घरीं आजवर कसलेंच नियमन नव्हतें त्याचें. ज्याच्या भिंतीवर साधा घड्याळी थर्मोस्टॅट आहे व जो तो नीट वापरतो, त्याच्यापुरती तरी चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत होण्याचाच संभव अधिक.

शिवाय पांच वर्षें यंत्र चालेलच, ही हमी कोण देणार? भट्टीची लोखंडी झडप पन्नास वर्षें टिके. फोनशीं जोडलेल्या यंत्राचें आयुष्य धातूवर अवलंबून नसून विकणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतें. वर सांगितलेल्या नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांतील यंत्रांचा आधार २५ ऑक्टोबर २०२५ पासून काढून घेण्यांत आला. तीं भिंतीवर हातानें चालतात, पण फोनवरून चालत नाहींत; म्हणजे ज्या गुणासाठीं जादा दाम मोजले तोच गुण गेला.

मग हीं यंत्रें निरुपयोगीं आहेत काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्या घरांतील माणसांच्या येण्याजाण्याला धरबंध नाहीं, डॉक्टर किंवा पाळीनें काम करणारे यांच्यासारखीं, त्यांना वेळापत्रकाचा उपयोग नसतो. घर रिकामें आहे हें ओळखणारें यंत्र त्यांच्या उपयोगीं पडतें. मोठ्या घरांत वापरांत असलेल्या खोल्याच तापविण्याची सोय हवी असते. पण तीही प्रत्येक रेडिएटरवर साधी उष्णतानियामक तोटी बसवून पुष्कळशी साधतें. उलट, ज्या घरांत दिवसभर कोणी ना कोणी असतें, तेथें यंत्राच्या शहाणपणाला वावच थोडा. ज्यांनीं गॅस सोडून हीट पंप घेतला आहे, त्यांनीं तर ऊब एकदम उतरविण्या-चढविण्याच्या भानगडींत फारसें पडूं नये. हा पंप मंद, एकसारख्या चालीवर सर्वांत काटकसरीनें चालतो.

यंत्र घेण्यापूर्वीं फुकटांत किंवा अल्प खर्चांत होणाऱ्या गोष्टी आधीं कराव्या. तिकडील नव्या धर्तीचे गॅसचे बॉयलर धुरांतील वाफ थिजवून तिची उष्णता परत मिळवितात. पण रेडिएटरांतून परत येणारें पाणी सुमारें ५५ अंशांच्या खालीं असेल तरच ही किमया नीट साधते. पुष्कळ घरांत बॉयलर ७० ते ८० अंशांवर लावून दिलेला असतो. तो ६० अंशांच्या आसपास आणणें हें एक बटण फिरविण्याचें काम आहे. माळ्यावर लोकरीसारखें आच्छादन पसरणें व दारांच्या फटी बुजविणें हें त्याच्यापुढचें. फुटक्या घागरीला चांदीची तोटी बसविण्यांत अर्थ नसतो.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैशाची नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ मध्यें घरांसंबंधीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत थंड ऋतूंत घरांतील उष्णतामान निदान १८ अंश असावें असें सांगितलें आहे; म्हाताऱ्यांना व लहान मुलांना त्याहून अधिक लागूं शकतें. थंड घरांत रक्तदाब वाढतो, दम्याचे विकार बळावतात. ब्रिटनमध्यें मध्यम कुटुंबाच्या गॅस-विजेच्या वार्षिक बिलाची मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्यें १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्यें ती १,९७१ पौंडांवर गेली, आणि त्या ऑक्टोबरांत सरकारनें मदतीचा हात देऊनही २,५०० पौंडांवर ठेपली. त्या हिवाळ्यांत अनेक वृद्धांनीं बिलाच्या धास्तीनें ऊबच बंद ठेवली. अशा घरीं काटकसरीचें यंत्र काय कामाचें? तेथें बिल कमी करणाऱ्यापेक्षां घर थंड पडल्याची वर्दी देणारें यंत्र हवें. आणि दूरगांवच्या मुलाला आईचें घर १४ अंशांवर आहे हें फोनवर दिसलें, व त्यानें तत्काळ तिची विचारपूस केली, तर त्या यंत्राचें मोल एका दिवसांत फिटलें असें म्हणतां येईल.

मात्र हीच दूरदृष्टि दुधारी आहे. ज्याच्या हातीं फोन, त्याच्या हातीं घराची ऊब. विभक्त झालेल्या जोडीदारानें दुरूनच घरांतील उष्णतामान बदलून छळ केल्याच्या तक्रारी अमेरिकेंतील वृत्तपत्रांत २०१८ मध्यें आल्या. छळाची गोष्ट बाजूला ठेवली तरी साध्या, प्रेमाच्या घरांतही प्रश्न उरतोच. कचेरींत बसलेल्या मुलाच्या फोनवर सारें ठीक दिसतें, आणि दिवाणखान्यांत सासरे शाल लपेटून बसलेले असतात. कारण यंत्राच्या मतें कोणी हालचाल करीत नाहीं, म्हणजे घरांत कोणी नाहीं. नातवाचें पुस्तक वाचीत स्वस्थ बसलेला म्हातारा त्याच्या हिशेबांत धरलेलाच नसतो.

म्हणून निर्णय असा देतां येईल. ज्याचें घर फटी बुजविलेलें आहे, ज्याचा दिनक्रम अनियमित आहे, आणि ज्याला नवीन यंत्र समजून घेण्याची हौस आहे, त्यानें तें खुशाल घ्यावें. त्याचा पैसा कांहीं वर्षांत वसूल होण्याचा संभव आहे. ज्याचा दिनक्रम ठरलेला आहे, त्याला साधा घड्याळी थर्मोस्टॅट व निजण्यापूर्वीं चकतीकडे एक नजर पुरेशी आहे. आणि ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत, तेथें कोणतेंही यंत्र घ्या, पण त्याची चकती त्यांच्या हाताशीं असूं द्या, आणि ती फिरवावयास त्यांना परवानगी मागावी लागणार नाहीं असें पाहा.

भारतांत २०२० सालापासून खोली थंड करणारीं नवीं यंत्रें सुरूं होतांच २४ अंशांवर यावींत असा नियम झाला. त्यामागचें तत्त्व हेंच आहे : आरंभीं काटकसर यंत्रानें सुचवावी, पुढचा निर्णय माणसानें करावा. व्हाइटवॉटरच्या त्या शिक्षकाची घंटा नेमकें हेंच करीत होती. ती फक्त खुणावीत असे. उठावें कीं न उठावें, हें माणूस ठरवी. यंत्र कितीही शहाणें झालें तरी शेजारच्या खुर्चींतील माणसाला थंडी वाजते आहे काय, हा प्रश्न घरांतल्या माणसानेंच विचारावयाचा असतो.