बालाघाट : दोन खोऱ्यांचा उंबरठा



तुळजापूरची आई भवानी ज्या बालाघाटाच्या कुशीत विराजमान आहे, त्या डोंगराला भाविक हात जोडतात. पण जिल्ह्याच्या पाण्याचा निवाडा हाच डोंगर करतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. माथ्याच्या एका अंगाला पडलेला थेंब तेरणेतून मांजरेला आणि पुढे गोदावरीला मिळतो. दुसऱ्या अंगाचा थेंब सीना किंवा बोरीमार्गे भीमेत, तेथून कृष्णेत जातो. दोघांची भेट होते ती थेट बंगालच्या उपसागरात!

पाऊस देण्याचे काम मात्र बालाघाटाचे नव्हे, ते सह्याद्रीचे. आणि धाराशिवच्या बाबतीत तो कृपण आहे. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना थंडावतात व तेथेच रिते होतात. पूर्वेकडे उतरताना तेच वारे तापतात, कोरडे पडतात. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. धाराशिव जिल्ह्याची सरासरी ७०० च्या आसपास. बालाघाटाची उंची माफक, त्यामुळे उरलेसुरले ढग अडविणे त्याला फारसे साधत नाही. येथील शेतकऱ्याची भिस्त म्हणूनच बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या सप्टेंबरच्या पावसावर. रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते. तोच पाऊस सप्टेंबर २०२५ मध्ये असा कोसळला की भूम-परंडा भागात गावे पाण्याने वेढली गेली.

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ती गाडी याच जिल्ह्यातून गेली. निसर्गाने वेगळे ठेवलेले कृष्णा खोऱ्याचे पाणी चाकांवरून गोदावरीच्या खोऱ्यात उतरले! कृष्णेच्या पाण्यावर मराठवाड्याचा जो हक्क आहे आणि ज्यासाठी कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजना आखली गेली, त्याचा आधारही हाच जलविभाजक होय. जिल्ह्याच्या सीमा कागदावर बदलतात. ही सीमा पाषाणाची आहे.

माथ्यावरची माती उथळ, मुरमाड. तिच्याखाली काळा कातळ. पाणी मुरण्याआधीच ओढ्याला लागते. नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाही काळातील स्थापतींनी हे ओळखून बोरीचा प्रवाह बंधाऱ्याने अडविला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. चांगला पाऊस झाला की नर-मादी धबधबे आजही त्याच बंधाऱ्यावरून कोसळतात.