धनुष्याच्या अंगातले पाणी

श्रोतेहो, पावसाळ्यात घराचे दार फुगते, चौकटीत अडते आणि खांद्याचा धक्का दिल्यावाचून उघडत नाही. तेच दार माघ-फाल्गुनात इतके सैल होते की वाऱ्याच्या झुळकेनेही आपटू लागते. बैलगाडीच्या चाकाची धाव उन्हाळ्यात निसटू लागली म्हणजे शेतकरी गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करून ठेवतो. लाकूड पाणी पिते, फुगते आणि धाव पुन्हा घट्ट बसते. झाड तोडून पन्नास वर्षे लोटली तरी लाकडाचे हवेशी चाललेले हे देणेघेणे थांबत नाही. दाराचे किंवा चाकाचे त्यामुळे फारसे बिघडत नाही. परंतु जिचे सारे जीवित वाकण्यावर आणि पुन्हा सरळ होण्यावर अवलंबून असते अशी एक वस्तू आहे, आणि तिच्या बाबतीत हा हिशेब चुकला तर तो तिच्या प्राणांवरच बेततो. ती वस्तू म्हणजे लाकडी धनुष्य.

धनुष्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राम आणि अर्जुन उभे राहतात. पण धनुष्य कशाचे करावे याचा विचारही आपल्याकडे जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांची वर्गवारी ताड, वेळू, लाकूड आणि शिंग या द्रव्यांवरून केलेली आढळते. विष्णूच्या धनुष्याचे शार्ङ्ग हे नाव शृंगावरूनच पडले आहे. सातपुड्यातील भिल्लांचे धनुष्य वेळूचे असते आणि त्याची दोरीही पुष्कळदा वेळूच्याच कामटीची असते. आज मात्र मला बोलावयाचे आहे ते एकाच लाकडातून तासून काढलेल्या धनुष्याविषयी. त्याची आणि कोरड्या हिवाळ्याची खरी गाठ पडते ती उत्तर अमेरिकेतील थंड मुलखात. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा इशी हा १९११ साली एकाकी अवस्थेत नागर वस्तीत आला. त्याच्याकडून सॅक्स्टन पोप नावाच्या शल्यवैद्याने धनुर्विद्या शिकून घेतली आणि १९२३ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून त्या देशात हाताने धनुष्य घडविण्याचा छंद अनेकांना जडला. काचतंतूंची आणि धातूची यंत्रवत धनुष्ये बाजारात आल्यानंतरही हा छंद मावळलेला नाही.

या छंदिष्टांना एक अनुभव वारंवार येतो. भर उन्हाळ्यात घडविलेले, शेकडो बाण सुखरूप सोडलेले धनुष्य जानेवारीतील एखाद्या संध्याकाळी ओढावे, आणि कडाड् आवाज होऊन त्याचे दोन तुकडे व्हावेत! वर्ष-दोन वर्षे वाळविलेले लाकूड आणि कित्येक दिवसांची मेहनत एका क्षणात वाया जाते. तुकडा तोंडावर उडाला तर इजा होते ती वेगळीच. मग कारागीर गाठीला दोष देतो, लाकडाच्या जातीला देतो, स्वतःच्या हाताला देतो. खरा अपराधी मात्र खोलीच्या कोपऱ्यात धगधगत असतो, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

हे कसे घडते ते पाहू. दोरी ओढली म्हणजे धनुष्याची लक्ष्याकडील बाजू, जिला त्याची पाठ म्हणतात, ती ताणली जाते. तिरंदाजाकडील बाजू, म्हणजे त्याचे पोट, दाबले जाते. पाठीचे तंतू ताण सोसतात आणि पोटाचे तंतू दाब सोसतात, म्हणूनच बाण सुटतो. लाकडात पाणी अधिक असले तर पोटाचे तंतू दाबाखाली चुरतात. धनुष्य मोडत नाही, पण कायमचा बाक धरते आणि मंद होते. लाकूड वाळत गेले म्हणजे त्याचा ताठरपणा वाढतो आणि दाब सोसण्याची शक्ती तर फारच वाढते. ओल्या लाकडाच्या मानाने ती सुमारे दुप्पट होते. पाठीचे तसे नाही. ताण सोसण्याची शक्ती तितक्या प्रमाणात वाढत नाही, आणि लाकूड एका मर्यादेपलीकडे वाळले की ते ठिसूळ होऊ लागते. पोट बलवान आणि पाठ नाजूक अशी विषम अवस्था होते. मग पाठीवर कोठे तरी एखादी ढलपी उठते, आणि पुढचे काम क्षणार्धात आटोपते. अति वाळलेले धनुष्य काही काळ नेहमीहून चपळ वाटते, बाण जोराने फेकते. कारागीर त्याच्या या चपळाईवर खूष होतो आणि तेथेच फसतो.

आता ही मर्यादा किती? लाकडातील पाणी त्याच्या पूर्ण शुष्क वजनाशी ताडून पाहतात. हवा २१ अंश सेल्सिअस उष्ण असून तिची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात सुमारे १२ टक्के पाणी टिकते. ५० टक्के असेल तर ९. ३० टक्के असेल तर ६. आणि २० टक्के असेल तर जेमतेम साडेचार. बहुतेक लाकडांची धनुष्ये ८ ते १० टक्क्यांच्या आसपास सुखी असतात. पाच टक्क्यांखाली गेली म्हणजे ती धोक्याच्या वाटेवर आहेत असे समजावे.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. बाहेर बर्फ पडत असताना हवा कोरडी कशी, असे कोणीही विचारील. वस्तुतः उघड्यावरच्या त्या हवेची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा बरीच असते, आणि बाहेरच्या छपरीत ठेवलेले लाकूड हिवाळ्यात फारसे वाळतही नाही. परंतु थंड हवेच्या पोटात पाणी मावतेच थोडे. शून्य अंशावरील एक घनमीटर हवा फार तर पाच ग्रॅम बाष्प धरू शकते. वीस अंशांवर तिची क्षमता सतरा ग्रॅमांच्या वर जाते. बाहेरची हवा घरात घेऊन तापविली की पाणी तेवढेच राहते आणि तहान मात्र तिपटीहून अधिक वाढते. बाहेर पारा शून्याखाली दहा अंशांवर असेल तर तीच हवा तापलेल्या खोलीत वाळवंटाची हवा होते. तिची आर्द्रता पंधरा टक्क्यांच्याही खाली उतरते. ही तहानलेली हवा माणसाचे ओठ फोडते, फर्निचरचे सांधे सैल करते आणि भिंतीवर टांगलेल्या धनुष्यातले पाणी महिन्याभरात शोषून घेते. दोष थंडीचा नव्हे, शेगडीचा आहे.

सर्व लाकडे हा जाच सारखाच सोसतात असेही नाही. हिकरीचे लाकूड कोरडेपणात खुलते. दमट हवेत मात्र ते सुस्तावते आणि बाक धरते. फ्रेंच प्रवाशांनी ज्या झाडाला धनुष्याचे लाकूड असेच नाव दिले, ते ओसेज ऑरेंज आणि इंग्रजांचे आवडते यू, ही दोन्ही मध्यम ओलाव्यात उत्तम काम देतात. लाकडाच्या पाठीवर जनावरांचे स्नायुतंतू सरसाने चिकटविलेली धनुष्ये अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत नांदली, कारण कोरड्या हवेत ते तंतू आवळतात आणि पाठीला बळ देतात. उलट दमट हवा म्हणजे असल्या धनुष्यांचा काळ. १३८८ साली कोरियाचा सेनापती यी सोंग-ग्ये याने चीनवरील स्वारीला जे आक्षेप घेतले, त्यांत पावसाळ्यात धनुष्यांचा सरस सुटेल हाही एक होता. पुढे तो वाटेतूनच सैन्य घेऊन परतला आणि त्या परतण्यातून एक राजघराणे उदयास आले. हवेतल्या ओलाव्याचा विचार राजकारणातही करावा लागतो तो असा.

मग कारागिराने करावे तरी काय? त्याचे पहिले हत्यार रंधा नव्हे, तराजू आहे. ताज्या काठीच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावावा, कारण पाणी टोकांतून झपाट्याने निसटते आणि तेथे चिरा पडतात. मग काठी दर आठवड्याला तोलून वजन टिपून ठेवावे. वजन उतरण्याचे थांबले म्हणजे लाकूड भोवतालच्या हवेशी एकरूप झाले. नेमका आकडा हवा असेल तर त्याच लाकडाचा लहान तुकडा तोलून १०३ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. चोपन्न ग्रॅमांचे पन्नास झाले तर पाणी आठ टक्के होते हे उघड आहे. खोलीत आर्द्रतामापक असावा. शेगडीवर पाण्याचे पातेले असावे. धनुष्य शेगडीच्या वर कधीही टांगू नये. छपरीतली काठी एकदम तापलेल्या खोलीत आणू नये. अति वाळलेले धनुष्य आठ-पंधरा दिवस न तापविलेल्या खोलीत ठेवावे आणि मग प्रथम अर्धेच, हळूहळू ओढावे. तेल किंवा रोगण पाण्याची ये-जा मंद करते, बंद करीत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, तासणीच्या वेळी धनुष्याचा जोर कोणत्या ऋतूत मोजला याची नोंद ठेवावी. जानेवारीत कोरड्या खोलीत जेमतेम पुरेसा ठरलेला जोर जुलैत उणा पडतो, आणि ऑगस्टमध्ये बेताचा वाटलेला जोर जानेवारीत लाकडाला झेपेनासा होतो.

श्रोतेहो, आपल्या भाषेत माणसाची पारख करण्याला त्याचे पाणी जोखणे म्हणतात. धनुष्य घडविणारा कारागीर हे अक्षरशः करीत असतो. लाकूड वाळविणे म्हणजे त्यातले पाणी घालविणे, असे आपण समजतो. तो मात्र जाणतो की पाणी घालविणे सोपे आहे; नेमके किती राहू द्यावे हे कळणे कठीण आहे. अधिक राहिले तर धनुष्य वाकते ते वाकलेलेच राहते. सारेच गेले तर ते वाकण्याचे नाकारते आणि मोडते. शंभरात आठ-दहा भाग एवढाच तो ओलावा असतो, डोळ्यांना न दिसणारा. पण धनुष्याचे धनुष्यपण त्या आठ-दहा भागांतच साठविलेले असते.