पुडीचा हिशेब



मुरबाड-शहापूरची भाजी कल्याणच्या बाजारात जाते आणि तिथून गावात वेफर्सच्या माळा, थंड पेयांच्या बाटल्या येतात. ठाणे-डोंबिवलीच्या स्टेशनबाहेरचे खाणे आज पाड्यावर पोचले आहे.

त्यात असते काय? तळणीचे स्वस्त तेल, मीठ, साखर, मैदा. 300 मिलिलिटर कोलात सुमारे 30 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानेही वरून घेतलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी. पुडीने पोराची भूक मरते, मग ते भाकरीला हात लावत नाही. आज अशक्तपणा, पुढे लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह.

2017 साली राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांत असल्या पदार्थांना बंदी केली. 2020 च्या केंद्रीय नियमांनी शाळेपासून 50 मीटरपर्यंत विक्रीला मनाई केली. पण एक्कावन्नाव्या मीटरवर टपरी उभी राहिली, तर नियम काय करणार?

तेव्हा हिशेब आपणच मांडू. पुडीवरचे वजन आणि किंमत वाचा. वेफर्सचा भाव किलोला तीन-चारशे रुपयांवर जातो. बटाटेवाल्याला त्यातले किती मिळतात, हे तुम्हाला सांगायला नको. आपला माल मातीमोल विकायचा, तोच तळलेला सोन्याच्या भावाने घ्यायचा, वर दवाखान्याचे बिल भरायचे. हा कुठला व्यवहार?

बायांनो, नागलीचे लाडू, उकडलेले वाल, भाजलेले शेंगदाणे शाळेच्या दारात विकायला बसा. पोर सुधारेल आणि पैसाही गावात राहील.