वरातीमागून घोडं

संगणकावरचा खेळ म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पडद्यासमोर एकटाच बसलेला मुलगा येतो. पण हल्ली तो एकटा नसतो. तो मुंबईत, सवंगडी लंडनमध्ये, आणि दोघं एकाच मैदानात धावत असतात. एकाची हालचाल दुसऱ्याला कळवायची, तीही सेकंदात कितीतरी वेळा. हे काम खेळणाऱ्याच्या यंत्रावरचा प्रोग्रॅम करतो. त्याला क्लायंट म्हणतात. आता हे निरोप धाडायचे कसे?

इंटरनेटवर याच्या दोन जुन्या रीती आहेत. पहिली टीसीपी, फार शिस्तीची. निरोप ओळीनेच देणार; मधला एक हरवला, तर तो पुन्हा हाती येईपर्यंत मागच्या सगळ्यांना दारात थांबवणार. दुसरी यूडीपी. ती निरोप टाकते नि मोकळी होते. पोचला तर पोचला!

तुम्ही म्हणाल, पहिलीच बरी की! पत्राला, पैशाला बरीच. खेळात मात्र उलटं होतं. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार अगदी सरळ टाकली, तरी जाऊन यायला ७२ सहस्रांश सेकंद हवेत. हरवलेला निरोप पुन्हा मागवावा, तोवर सवंगडी पुढे पळालेला. तो मघाशी कुठे होता, हे आता कळून काय करायचं? वरातीमागून घोडं!

पण ‘अमका बाद झाला’ हा निरोप हरवून कसं चालेल? एकाच्या पडद्यावर बाद झालेला गडी दुसऱ्याच्या पडद्यावर खुशाल हिंडत असला, तर भांडणच व्हायचं.

‘क्यूब’ नावाच्या नेमबाजीच्या खेळाला हीच अडचण आली, आणि त्यासाठी ली साल्झमन यांनी ‘ईनेट’ ही लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांचं कपाट नव्हे. कुणालाही आपल्या प्रोग्रॅमला जोडता येईल असा आयता भाग. ईनेट यूडीपीवरच बसते. मात्र प्रत्येक निरोप देताना तिला सांगता येतं, की हा पोचलाच पाहिजे, किंवा हरवला तरी चालेल. पहिल्याची पोच आली नाही तर ती तो पुन्हा धाडते. दुसरा हरवला तर खंत नाही. नव्याच्या मागून आलेला जुना तर ती फेकूनच देते. शिवाय निरोपांना वेगवेगळ्या वाहिन्या आहेत. गप्पांचा निरोप अडकला म्हणून धावण्याचा अडत नाही. पुढे ‘गोडो’ या खेळ बनवण्याच्या साधनातही हिची सोय झाली.

कोणता निरोप हरवू द्यायचा, हे मात्र खेळ रचणाऱ्यानेच ठरवायचं. सवंगडी शोधणं, ओळख पटवणं, निरोप गुप्त राखणं हीही कामं ईनेटने मुद्दाम अंगावर घेतलेली नाहीत. मला हे आवडतं. पण खेळ तुम्ही बांधणार असाल, तर कुलूप वेगळं आणावं लागेल.