चौथ्या वर्षाची परीक्षा

(अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



आज आम्ही भावाबद्दल बोलणार नाही, वीजबिलाबद्दलही नाही. शेतकऱ्यांच्या कंपन्या चालवायला जी माणसे नेमली जातात, त्यांना शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत. त्या संस्थांची परीक्षा कोणी घ्यायची आणि कशी, हा आजचा विषय. विषय कोरडा वाटेल. पण भागभांडवल आपले, माल आपला, आणि कंपनी बुडाली तर बुडणारही आपणच.

बैठक एमआयडीसीत ठेवली, त्यालाही कारण आहे. या वसाहतीत टॉवेल आणि चादरी विणल्या जातात. मागावरच्या कारागिराला प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. मालात खोट निघाली की व्यापारी माल परत करतो, आणि कारागीर काय शिकला ते तिथेच कळते. शेतकरी कंपनीच्या सीईओची परीक्षा मात्र बहुतेक वेळा वर्गात सुरू होते आणि वर्गातच संपते.

शिकवणाऱ्यांची वाण नाही. पुण्यात सहकाराचे शिक्षण देणारी वैकुंठ मेहता संस्था आहे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ सालापासून आहे. उत्पादक कंपन्यांचा कायदा २००२ साली झाला. २०२० साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली, आणि प्रशिक्षणासाठी नाबार्डच्या बाजूने लखनौची ‘बर्ड’ व एनसीडीसीच्या बाजूने गुरुग्रामची लक्ष्मणराव इनामदार अकादमी नेमली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजाराचा आकडा पूर्ण झाल्याची घोषणाही झाली. या संस्था वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की नोंदणीचा आकडा आणि प्रमाणपत्रांचा आकडा म्हणजे काम नव्हे. बैलाचे दात पाहून पारख पुरी होत नाही. त्याला औताला जुंपावे लागते.

आता हिशेब मांडू. या योजनेत कंपनीला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १८ लाख रुपयांची मदत आहे. त्यात सीईओला महिना २५ हजारांपर्यंत आणि लेखापालाला १० हजारांपर्यंत पगार धरला आहे. म्हणजे वर्षाचे ४ लाख २० हजार रुपये. तीन वर्षे हे सरकार देते. चौथ्या वर्षी कोण देणार?

समजा, कंपनी तूर खरेदी करते. हमाली, तोलाई, वाहतूक, घट जाऊन क्विंटलमागे १०० रुपये उरतात. नुसते हे दोन पगार भागवायलाच ४,२०० क्विंटल तूर हवी. सपाट प्रदेशात सभासदांची किमान अट ३०० आहे. म्हणजे माणशी १४ क्विंटल. दोन एकर कोरडवाहू असलेल्या सभासदाने घरातली शेवटची पायली आणून ओतली तरी हे गणित बसत नाही. यात गोदामाचे भाडे धरलेले नाही, लेखापरीक्षणाची फी धरलेली नाही.

मग मार्ग काय? माल साफ करून, प्रतवारी लावून फरक वाढवायचा. तुरीचा हंगाम संपला की दुसरा माल धरायचा. बी-बियाणे, खत एकत्र आणायचे. हे गणित सीईओने पहिल्याच वर्षी मांडायला हवे. आम्ही शिक्षणाची कसोटी म्हणतो ती हीच. प्रकल्प अहवाल कसा लिहावा, संगणकावर चित्रे कशी दाखवावी, हे शिकलेला माणूस पुष्कळ मिळतो. ओलावा किती टक्के, घट किती, उधारी किती दिवसांची, हे ज्याला तोंडपाठ आहे तो कंपनी तारतो.

दुसरी कसोटी. शिकवणारा, तपासणारा आणि अहवाल लिहिणारा एकच असेल, तर विद्यार्थ्याने स्वतःचा पेपर स्वतः तपासावा तसे होते. आपल्या राज्यात जी.डी.सी. अँड ए. ही पदविका आहे. अभ्यास कुठेही करा, परीक्षा सहकार खाते घेते. शिकवणी आणि परीक्षा यांत एवढे अंतर हवेच.

तिसरी कसोटी मालकीची. कॅनडात मूळनिवासी समाजांसाठी काम करणारे आर्थिक विकास अधिकारी असतात. त्यांची ‘कॅन्डो’ ही संस्था १९९० साली उभी राहिली. तिच्या प्रमाणपत्राला दोन पायऱ्या ठेवल्या, एक तंत्रज्ञाची, दुसरी व्यावसायिकाची. आणि वरच्या पायरीला प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. ही संस्था सरकारी खाते नाही, मूळनिवासींच्याच हाती आहे. सगळेच उचलावे असे नाही. पण कामाशिवाय वरचे प्रमाणपत्र नाही आणि संस्थेची दोरी ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्या हाती, या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

कोणी म्हणेल, कंपनी बुडाली तर शिकवणाऱ्याचा काय दोष? पाऊस पडला नाही, भाव पडले, सरकारने निर्यात बंद केली, याला संस्था काय करणार? हे खरे आहे. म्हणून एका कंपनीवरून संस्थेला नापास करू नका. पण एकाच संस्थेतून शिकलेल्या दहा सीईओंपैकी चौथ्या वर्षी किती जण त्याच कंपनीत आहेत, आणि कंपनीच्या कमाईतून पगार घेत आहेत, एवढे मोजा. दहापैकी आठ नोकरी सोडून गेले असतील, तर दोष पावसाचा नाही.

आता करायचे काय? उत्पादक कंपनीत एका सभासदाला एक मत असते. एका भागाचा धनी आणि शंभर भागांचा धनी सारखाच. ते मत वापरा. यंदाच्या वार्षिक सभेत प्रत्येकाने उभे राहून चार प्रश्न विचारा. आपला सीईओ कुठे शिकला? शिकल्यानंतर क्विंटलमागे फरक किती वाढला? संचालकांना ताळेबंद वाचायला कोणी शिकवले? अनुदान थांबल्यावर पगार कशातून देणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. त्याची एक प्रत प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला पाठवा, एक जिल्हा बैठकीत आणा. अशी पन्नास पाने जमली, की कोणती संस्था माणूस घडवते आणि कोणती नुसता कागद देते, हे सांगायला दिल्लीहून पाहणी पथक यायला नको.

संस्थेने सीईओला गुण दिले. आता संस्थेला गुण देण्याची पाळी आपली आहे.