टांकसाळीची चूक की हातोडीची करामत?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणावरून)



रौप्यमहोत्सव म्हणजे चांदीचं वर्ष, तेव्हा नाण्यांवर बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं. आता आपल्या खिशातल्या नाण्यांत चांदीचा कणही नसतो, ते सोडा. पण गेल्या वर्षभरात आपल्याच तिघा-चौघांनी मला मोबाईलवर फोटो दाखवून विचारलं, ‘काका, हे मिस्टेकचं नाणं आहे, लाख रुपये मिळतात म्हणे?’ एकांना तर फोनही आला होता, ‘आधी नोंदणीचे पैसे भरा.’ म्हणून आज तेवढ्यावरच बोलतो.

नाणं कसं तयार होतं हे कळलं की निम्मं काम झालं. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. चकती पोलादी कड्यात बसते आणि वरचा-खालचा ठसा तिला दाबतो. या प्रवासात जे बिघडलं ती टांकसाळीची चूक. नाणं बाहेर पडल्यावर जे घडलं ते निव्वळ नुकसान. मुंबई असो, कोलकाता, हैदराबाद की नोएडा, हिशेब तोच.

दहा रुपयांचं नाणं घ्या. मधला गोल उलटा बसलाय, एका बाजूचा सिंह दुसऱ्या बाजूला गेलाय, असं नाणं कुणी दाखवलं तर हसून परत द्या. बाहेरची रिंग आणि मधला गोल एकाच दाबात एकत्र होतात, चित्रही तेव्हाच उमटतं. म्हणजे गोल नंतर कुणीतरी ठोकून काढला आणि उलटा बसवला.

कोपरा कापल्यासारखं नाणं मात्र नीट बघा. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर घाव पडला तर चकतीला चंद्रकोरीसारखी खाच राहते. अशा खऱ्या नाण्यात खाचेच्या बरोबर समोरची कड बहुधा बोथट, पुसट असते, कारण दाब तिथे पुरा बसत नाही. खाचेजवळची अक्षरंही तिकडे ओढल्यासारखी विरत जातात. कानशीने कापलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षर मध्येच तुटतं. भिंगातून ओरखडेही दिसतात.

बाजारात ज्याला ‘लाखी’ म्हणतात, त्याचं गुपित सोपं आहे. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं. पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीचं चित्र येतं, दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट आणि उलटं, आरशातल्यासारखं. नकली लाखी शिकंज्यात दोन नाणी दाबून करतात. त्यात खोल चित्राखाली मूळ चित्राचे अवशेष राहतात आणि मागची बाजू चेपते. दोन्हीकडे छापच असलेलं नाणं तर जादूगाराचं. एक पोखरून दुसरं आत बसवलेलं असतं. कडेच्या आत नखाने सांधा शोधा.

रेल्वे रुळावर चपटं केलेलं नाणं आपल्या स्टेशनजवळच्या मुलांना माहीतच आहे. त्यात चित्रही ताणलं जातं. कड्याशिवाय छापलं गेलेलं नाणं पसरतं, पण चित्र जागच्या जागी राहतं, फक्त भोवती कोरी जागा वाढते. इथे वजनकाटा उपयोगी नाही, वजन दोन्हींचं तेच. चंद्रभागेत पडून काळं, बारीक झालेलं नाणं मात्र काट्यावर लगेच हलकं भरतं.

मुलांनो, घरी एक करून बघा. नाणं सरळ धरा आणि वहीचं पान उलटल्यासारखं उलटा. आपल्या नाण्याची दुसरी बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती चांगलीच तिरकी दिसली तर ठसा फिरलेला होता. ही खरी चूक. (अमेरिकेहून आलेल्या नाण्यावर हा प्रयोग करू नका, त्यांची दुसरी बाजू मुळातच उलटी असते.)

शिवराईवर अर्धीच अक्षरं असतील तर ती चूक नव्हे. ती हाताने ठोकायची, ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा.

आणि पैशाचं. काही खऱ्या चुकीच्या नाण्यांना संग्राहक चांगली किंमत देतात, पण नाणं हातात घेऊन, तपासून. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केलं, की आपण असले व्यवहार करत नाही, त्यासाठी कुणाकडून शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तेव्हा आगाऊ पैसे मागणारा फोन तिथेच बंद करा. घरी हातोडी घेऊन ‘मिस्टेक’ बनवायलाही जाऊ नका. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणं वितळवणं, नष्ट करणं गुन्हा आहे.

रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो. भिंग आणि काटा माझ्याकडे आहे. आजीच्या डब्यातली नाणी जरूर आणा, फक्त चिंच लावून घासू नका.