कुंडीतली माती आणि शेतातली माती

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या सत्रात रोपवाटिका चालवणाऱ्या एका कोरडवाहू शेतकऱ्याने केलेले भाषण)



सकाळपासून कापसाचं आणि ज्वारीचं बोलणं झालं. आता बोन्सायवर भाषण म्हटल्यावर मागच्या बाजूला हसू फुटलं, ते मला ऐकू आलं. हसा. माझे वडीलही हसले होते. "झाडं वाढवायची सोडून खुजी करायला निघालास," म्हणाले. पण मी आज बोलणार आहे ते मातीबद्दल, आणि माती म्हटली की या मंडपातला प्रत्येक जण जाणकार. मीही स्वतःला जाणकार समजत होतो. त्या समजुतीपायी माझी चाळीस झाडं मेली.

माझं पाच एकर कोरडवाहू रान. विहिरीजवळच्या तुकड्यात रोपवाटिका. तिथं वड, उंबर, चिंच ही झाडं चार वर्षं छाटून, बुंधे जाड करून तयार केली. पसरट कुंड्या आणल्या. माती कुठली घालावी हा प्रश्नच पडला नाही. ज्या काळ्या मातीत कापूस खांद्याला लागतो, तीच आणली, शेणखत मिसळलं आणि कुंड्या गच्च भरल्या. पहिल्याच झडीत कुंड्यांवर तळं साचलं. पानं पिवळी पडून गळाली. झाड उपटून पाहिलं तर मुळं काळी, कुजलेली. त्यातून जी जगली ती एप्रिलात गेली. माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटली. घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जायचं आणि मधला गोळा कोरडाच राहायचा. एकाच मातीनं पावसाळ्यात बुडवून मारलं आणि उन्हाळ्यात तहानेनं मारलं.

मग हीच माती शेतात का चालते? हा स्पंजाचा तुकडा बघा. पाण्यात बुडवून आडवा धरला. ठिबकायचं थांबलं. आता तोच उभा करतो. (सभेत प्रयोग करून दाखवला.) पाहा, पुन्हा पाणी गळायला लागलं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. मातीचंही असंच. पाणी निथळून गेल्यावरही कुंडीच्या तळाशी काही बोटं माती चिंब राहते. ती किती बोटं राहील हे मातीच्या कणावर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. कण जितका बारीक, तितका चिंब थर जाड. शेतात खाली हात-दोन हात माती असते, ती वरचं पाणी ओढून घेते. बोन्सायची कुंडी चार बोटं खोल. तिथं काळी माती भरली की तळापासून वरपर्यंत चिखल, मुळाला श्वास घ्यायला जागा नाही. माती वाईट नव्हती. तिला लागणारी खोली मी तिला दिली नव्हती.

कुणी म्हणेल, तळाशी खडे घालायचे. मीही घातले होते. त्यानं काही साधत नाही. बारीक मातीतलं पाणी ती पुरती चिंब झाल्याशिवाय खालच्या खड्यांत उतरत नाही. चिंब थर तेवढाच राहतो, फक्त खड्यांच्या वर चढून बसतो आणि मुळांची जागा खातो.

ही विद्या जपानी लोकांनी पक्की केली. १९२३ सालच्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय करणारे लोक मोकळी जमीन आणि चांगलं पाणी शोधत ओमिया गावी गेले आणि १९२५ साली त्यांनी तिथं बोन्सायचं गावच वसवलं. ते कुंडीत घालतात ती अकादामा म्हणजे कांतो मैदानातली ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली तांबूस माती. ती खणायची, वाळवायची आणि चाळून दाण्याच्या आकारानुसार वेगळी करायची. दाण्याच्या पोटात पाणी राहतं, दाण्या-दाण्यांच्या मधे हवा राहते. सगळी गोम एवढीच. ती माती इकडे मागवायचं कारण नाही. ती त्यांच्या पायाखाली होती म्हणून त्यांनी वापरली. आपल्या पायाखाली काय आहे ते आपण बघू.

पहिली वीट. पक्की भाजलेली, फुटकी चालेल. तुकडा रात्रभर बादलीत ठेवा. सकाळी बोटानं चिखल झाला तर ती कच्ची, टाकून द्या. दुसरा मुरूम, टणक दाण्याचा. त्यावर थोडं आम्ल टाकून बघा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे, तो घेऊ नका. चुनखडीत पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिसरा पऱ्हाटीचा कोळसा, राख धुऊन काढलेला. चौथं पूर्ण कुजलेलं, वास गेलेलं शेणखत किंवा गांडूळखत.

आता चाळणी. वीट, मुरूम आणि कोळसा कुटून चाळायचा. तुरीच्या दाण्यापेक्षा मोठा तुकडा पुन्हा फोडायचा, बाजरीपेक्षा बारीक असेल ते सगळं काढून टाकायचं. हा चुरा ठेवण्याचा मोह होतो, पण तोच दाण्यांमधल्या फटी बुजवतो. मग चार घमेली वीट, दोन घमेली मुरूम, एक घमेलं कोळसा आणि एक घमेलं खत. काळी माती मूठभरही नाही. मिश्रण भिजवून मूठ आवळा. भाकरीच्या पिठासारखा गोळा झाला तर पुन्हा चाळा. कुंडी भरल्यावर तांब्याभर पाणी ओता, ते वर न साचता लगेच खालच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे.

वड-उंबराची कुंडी मिरगाच्या सुमारास बदला. भोकांवर जाळी ठेवा, झाड तारेनं बांधा आणि मुळांच्या मधे काडीनं मिश्रण खुपसून पोकळी भरा. या मिश्रणात कस थोडा, म्हणून पेंडीचं पातळ पाणी थोडं थोडं, पण वरचेवर द्यावं लागतं. पाणी पटकन निथळतं, म्हणून वैशाखात सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. ज्याच्याकडे उन्हाळ्यात तेवढं पाणी नाही त्यानं कुंड्या वाढवू नयेत, हे मी स्पष्ट सांगतो.

शेवटचा मुद्दा हिशेबाचा. वीट फुटकी, मुरूम शेजारचा, कोळसा घरचा, म्हणून माती फुकट पडली असं समजू नका. कुटायला आणि चाळायला माणूस लागतो. घरची बाई दिवसभर चाळत बसली तर तिची मजुरी झाडाच्या किमतीत धरा. न धरलेली मजुरी हा तोटाच असतो, तो फक्त वहीत दिसत नाही. मीही माती फुकट धरली होती. तिची किंमत चाळीस झाडं आणि चार वर्षं पडली.

ज्यांची पोरं रोपवाटिका काढायला निघाली आहेत, त्यांनी त्यांना एवढं सांगा. पहिल्या वर्षी पाचच कुंड्या भरा, एक झड आणि एक उन्हाळा काढू द्या, मग पुढच्या भरा. स्पंज इथं टेबलावर ठेवून जातो. ज्यांना विश्वास वाटत नाही त्यांनी स्वतः उभा-आडवा करून बघावा.